उसना अंधार

साताऱ्याच्या गोडोली भागात, एका जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर बापूंचं घर आहे. आत दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि 16 फूट बाय 11 फुटांचा हॉल. आपल्याकडं हॉल ही कुणा एकाची खोली नसते. बापूंच्या घरात तर ती चौघांची होती. पश्चिमेला गॅलरीचं सरकतं दार, आणि दारालगत बापूंच्या पत्नीची, म्हणजे वहिनींची, शिलाई मशीन, कारण काळ्या कापडावर काळा दोरा घालायचा तर तिथलाच उजेड लागतो. उत्तरेच्या भिंतीला जेवणाचं टेबल, त्यावर त्यांची लेक छोटीचा दहावीचा अभ्यास. त्याच बाजूच्या कोपऱ्यात देव्हारा, आणि दिवेलागणीला बापूंच्या आई लावत ती समई. बापू सहकारी बँकेत रोखपाल. सकाळी नऊला जात, सातला येत आणि सोफ्याच्या एका टोकाला बसून चहा घेत. त्यांचं स्वतःचं असं त्या हॉलमध्ये काहीच नव्हतं.

बापूंना फार वर्षांपासून एक गोष्ट हवी होती. लहानपणी वडिलांबरोबर पुसेगावच्या यात्रेत त्यांनी तंबूतला सिनेमा पाहिला होता. जमिनीवर दाटीवाटीनं बसलेली शेकडो माणसं एकाच वेळी एकाच गोष्टीला हसली होती, हे त्यांच्या मनातून कधी गेलं नाही. आता घरात माणसं चार आणि मोबाइल चार. रात्री जेवणं झाली की प्रत्येक जण आपापल्या कोपऱ्यात, आपापल्या उजेडात. भिंतभर पडदा असेल तर सगळे एका दिशेला तोंड करून बसतील, असं बापूंना वाटे. ही इच्छा चांगली होती. पुढं जे झालं त्यामुळं तिला कुणी नावं ठेवू नयेत.

दिवाळीच्या बोनसमधून बापूंनी प्रोजेक्टर आणला. खोक्यावर ठळक अक्षरांत 9000 ल्युमेन असं छापलं होतं. ल्युमेन म्हणजे यंत्रातून बाहेर पडणाऱ्या एकूण उजेडाचं माप. आतल्या पुस्तिकेत शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत 400 ॲन्सी ल्युमेन होतं, आणि खरं माप ते. ॲन्सीच्या पद्धतीत पडद्याचे नऊ भाग कल्पून प्रत्येक भागातला उजेड मोजतात आणि सरासरी काढतात. खोक्यावरच्या मोठ्या आकड्यामागं बहुतेकदा असं काही प्रमाण नसतं, म्हणून घेणाऱ्यानं दुकानात आधी ॲन्सीचा आकडा विचारावा.

पहिल्याच रविवारी दुपारी क्रिकेटची मॅच होती. बापूंनी मेहुणे, चुलत भाऊ, बँकेतले दोघे-तिघे यांना जेवायलाच बोलावलं. पूर्वेची भिंत मोकळी होती, म्हणून चित्र तिथं टाकलं. म्हणजे गॅलरीच्या दाराच्या बरोबर समोर. यंत्र शोकेसवर एका अंगाला ठेवलं. लेन्स भिंतीसमोर सरळ नसली की चित्राचा चौकोन राहत नाही, एक बाजू लांब आणि एक आखूड होते. रिमोटवर कीस्टोनचं बटण असतं, त्यानं बापूंनी कडा सरळ केल्या. पण त्या बटणानं लेन्स हलत नाही. यंत्र आतल्या आतच चित्र दाबून वाकडं करतं आणि वाकड्या फेकीतून ते सरळ दिसतं. त्यात बारकावा जातो, धावफलकाची अक्षरं पसरट होतात. तेवढं चाललं असतं. पण दुपारी दोनला त्या भिंतीवर मैदान फिकट, खेळाडू फिकट आणि चेंडू दिसेचना. अर्ध्या तासानं एका मेहुण्यानं हळूच मोबाइलवर मॅच लावली. मग दुसऱ्यानं. बापूंनी ते पाहिलं.

त्या रात्री त्यांनी मनाशी ठरवलं की हॉलच बदलायचा.

वहिनी चार दिवस माहेरी गेल्या होत्या, तेवढ्यात त्यांनी शिलाई मशीन मागच्या खोलीत नेली. टेबल स्वयंपाकघरात. देव्हारा पॅसेजमधल्या फळीवर, आईंना "थोडे दिवस" असं सांगून. गॅलरीच्या दाराला तयार पडदे आणून लावले, मोतिया रंगाचे, दिसायला छान. वहिनी परत आल्या, हॉलमधून एकदा नजर फिरवली आणि काही बोलल्या नाहीत. घर चालवणारी माणसं अशा वेळी गप्प बसतात, आणि गप्प बसणं म्हणजे मान्य असणं असा समज समोरचा करून घेतो.

आता गंमत पाहा. हॉलमधून तिघांचे उजेड काढले, पण माणसं कुठं तरी राहणारच. छोटी स्वयंपाकघरात ट्यूबखाली अभ्यासाला बसली, तो उजेड पॅसेजमधून सरळ भिंतीवर. मागच्या खोलीत दिवसा पुरेसं दिसत नाही म्हणून वहिनी रात्री उशिरापर्यंत दिवा लावून शिवू लागल्या, त्या दाराखालून एक पांढरी पट्टी. आईंची समई पॅसेजच्या तोंडाशी. बापू सोफ्यावरून दर दहा मिनिटांनी ओरडत, "तो दिवा बंद करा रे!" एक दिवा बंद झाला की त्याखालचं काम थांबे, आणि थोड्या वेळानं तो पुन्हा लागे. त्यातच वहिनींकडं एक ब्लाउज परत आला. काळ्या कापडावर गडद निळ्या दोऱ्याची शिलाई पडली होती. ट्यूबच्या उजेडात ते दोन्ही रंग एकच दिसतात. दिवसा, गॅलरीपाशी, ती चूक कधी झाली नसती. वहिनींनी ती शिलाई टाका-टाका करून उसवली आणि पुन्हा घातली. पैसे घेतले नाहीत.

बापूंना वाटलं यंत्रच कमी पडतंय. त्यांनी 3000 ॲन्सी ल्युमेनचा दुसरा प्रोजेक्टर हप्त्यावर घेतला. सोबत स्पीकरचा संच आणि एक मोठा सबवूफर, म्हणजे खर्जातले आवाज वाजवणारा डबा. तो त्यांनी कोपऱ्यात ठेवला. कोपऱ्यात ठेवलेला खर्ज भिंतींमुळं आणखी वाढतो, हे त्यांना ठाऊक नव्हतं. खालच्या मजल्यावर तात्या राहत, त्यांना मात्र लगेच कळलं.

तात्यांचं वय पंच्याहत्तरीपुढं. उमेदीची सगळी वर्षं टुरिंग टॉकीजमध्ये ऑपरेटर म्हणून काढलेली. पुसेगावचे सेवागिरी महाराज, पालीचा खंडोबा, जिथं यात्रा भरेल तिथं ट्रकमधून तंबू, पडदा आणि मशीन घेऊन जायचं. अशाच एका रविवारी पाचच्या सुमारास त्यांनी बापूंची बेल वाजवली.

"बापू, तुजं पिक्चर खाली मला ऐकू येतंय, पण दिसत न्हाई. म्हटलं, बगून यावं."

बापू ओशाळले, आवाज कमी केला, मग उत्साहानं नवं यंत्र दाखवू लागले. तात्यांनी यंत्राकडं नुसतं पाहिलं. भिंतीजवळ गेले, तळहात भिंतीला लावला आणि म्हणाले, "मशीन बंद कर."

बापूंनी बंद केलं.

"आता भिंतीवर काय दिसतंय?"

"काही नाही. भिंत."

"कसल्या रंगाची?"

बापूंनी नीट पाहिलं. मोतिया पडद्यांतून पाचचं ऊन गाळून येत होतं. "पांढरी. पांढरीच म्हणायची."

"हाच तुजा काळा," तात्या म्हणाले. "पिक्चरमधी हिरॉइनीचे केस, रात्रीचं आभाळ, काजळ, जे काय काळं असंल ते ह्या रंगाचं दिसणार. मशीन उजेड टाकतं, बापू. काळं टाकणारं मशीन अजून कुणी केलं न्हाई. काळं तुज्या खोलीनं द्यायचं असतं."

छोटी स्वयंपाकघराच्या दारातून ऐकत होती. तिच्या मोबाइलवर उजेड मोजणारं ॲप होतं, विज्ञानाच्या प्रकल्पासाठी घेतलेलं. तिनं मोबाइल भिंतीला टेकवला. 250 लक्स, म्हणजे दर चौरस मीटरला 250 ल्युमेन. मग वहीच्या मागच्या पानावर गणित मांडलं. शंभर इंची चित्र म्हणजे रुंदी 2.21 मीटर, उंची 1.25 मीटर, क्षेत्रफळ पावणेतीन चौरस मीटर. 3000 ल्युमेन त्यावर पसरले की साधारण 1090 लक्स. भिंतीवर आधीच 250 आहेत. म्हणजे चित्रातला सगळ्यात पांढरा भाग 1340 आणि सगळ्यात काळा 250.

"पप्पा, पांढरं काळ्याच्या साडेपाच पटसुद्धा नाही."

"मग किती ल्युमेनचं घ्यावं लागेल?" बापूंनी विचारलं.

तात्या सोफ्यावर बसले. वहिनींनी चहा ठेवला होता, तो येईपर्यंत त्यांनी एक गोष्ट सांगितली. मला ती तंबूतल्या सिनेमाविषयी ऐकलेल्या गोष्टींत सगळ्यात मोलाची वाटते, म्हणून ती सगळीच देतो.

"सत्तरच्या दशकातली गोष्ट. पुसेगावच्या यात्रंत आमच्या तंबूच्या एका अंगाला भज्यांचं दुकान असायचं, दुसऱ्या अंगाला राहाटपाळणा. भजीवाल्याच्या दोन गॅसबत्त्या, पाळण्याला लाल-पिवळ्या बल्बांच्या माळा. तंबूचं कापड ते केवढं? सगळा उजेड आत. आमचा थोरला मालक पहिल्या दिवशी एक काम करायचा. तंबू उभा राहिला की तिकिटाची खिडकी उघडायच्या आदी सगळ्या शेजाऱ्यांकडं जायचा. प्रत्येकापाशी बसायचा, चहा प्यायचा, पोराबाळांची चौकशी करायचा. मग म्हणायचा, बत्तीला आमच्या बाजूनं तेवढा पत्रा लावा, माझं पब्लिक सुटलं की तुमच्याकडंच येणार हाय. आनि त्यांच्या पोरांना फुकट सोडायचा. धा मिनिटांचं काम, पण यात्राभर पडदा असा लख्ख, की मागं बसलेल्या म्हातारीलाबी हिरोच्या डोळ्यातलं पाणी दिसायचं.

"मालक गेला. पोरगा बसला गल्ल्यावर. शिकलेला हुता. म्हणाला, भजीवाल्याला हात जोडायची काय गरज? तात्या, करंट वाढवा. तवा मशीनमधी बल्ब नसायचा, कार्बनच्या दोन कांड्या असायच्या. त्यांच्या टोकांमधी वीज पेटवायची, त्या जाळाचा उजेड. करंट वाढवला तसं चित्र उजळलं, खरं हाय. पर कांड्या भराभर जळाय लागल्या, माजा हात त्यांच्यावरनं निघंना. आनि उष्णता किती! रीळ जुनं, कडंची भोकं फाटलेली. एका जागी फिल्म अडकली. धावत्या फिल्मला आच लागत न्हाई, थांबली की संपली. पडद्यावर हिरोच्या कपाळाला तपकिरी डाग पडला. तो पसरला. कडा उकळल्यागत हलाय लागल्या, आनि मग तोंडच न्हाई, नुसता पांढरा उजेड. पब्लिकनं बोंब ठोकली. पैसं परत द्यायला लागलं.

"दुसऱ्या दिशी मालकाला न सांगता मीच भजीवाल्याकडं गेलो. म्हटलं, पाव्हणं, बत्तीला पत्रा लावाल का? त्यानं काय केलं म्हाईत हाय? दुकानाच्या मागनं पत्रा काडला. मागच्या वर्साचाच. तारा बांधून तयार. म्हणाला, आल्यापासनं काडून ठेवलाय. औंदा कुणी मागाय आलंच न्हाई."

चहा आला. तात्यांनी बशीत ओतला, फुंकला.

"उजेड इकत मिळतो, बापू. पाहिजे तेवढा. अंधार उसना घ्यावा लागतो. ज्याचा उजेड हाय त्याच्याकडनं."

तात्या गेले. त्या रात्री बापूंनी प्रोजेक्टर लावला नाही. जेवणं झाल्यावर ते मागच्या खोलीत गेले. वहिनी ट्यूबखाली डोळे बारीक करून हातशिलाई करत होत्या. बापू पलंगाच्या कडेला बसले. विचारायची त्यांना सवय नव्हती. घरात आपण सांगतो, कळवतो, कधी कधी हुकूमही करतो. मागत नाही.

"अगं, शनिवारी रात्री दोन तास मला हॉलमध्ये अंधार पाहिजे. मिळेल का?"

वहिनींनी सुई कापडाला टोचून ठेवली. "मशीन कुठं असेल तेव्हा?"

"गॅलरीपाशी. तिच्या जागेवर. उद्याच आणतो."

"आणि ते पडदे काढा आधी," वहिनी म्हणाल्या. एवढे दिवस पोटात ठेवलेलं सगळं बाहेर पडलं. पडद्याला अस्तर नाही. दाराच्या चौकटीइतकाच रुंद घेतलाय, म्हणजे दोन्ही कडांनी ऊन येणार. खाली जमिनीपासून चार बोटं वर, म्हणजे तिथूनही येणार. वर रॉडच्या मागं सगळी फट. "मला विचारलं असतं तर मीच शिवले असते. ब्लॅकआउटचं कापड मिळतं, मागं लेप असलेलं. चौकटीच्या दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच जास्त घ्यायचं, खाली फरशीला टेकवायचं, वर लाकडी पेटी करायची. सकाळी पूर्ण बाजूला सरकला पाहिजे, एक वीत कापडसुद्धा दारावर राहता कामा नये. माझं काम सहापर्यंत. त्यानंतर अंधार तुमचा."

आईंचं वेगळं होतं. "दिवा मी विझवणार नाही," त्यांनी आधीच सांगून टाकलं. बापू म्हणाले, विझवू नकोच. त्यांनी देव्हारा उत्तरेच्या कोपऱ्यात पुन्हा आणला. सिनेमाचा पडदा आता दक्षिणेच्या भिंतीवर येणार होता, म्हणजे समई सगळ्यांच्या पाठीमागं. दिवा असायला हरकत नसते, पडद्यावर पडणारा उजेड तेवढा नडतो. देव्हाऱ्याला जाळीची दारं होती, ती नुसती ओढून घेतली की पुरे. पण आईंची एक तक्रार निघाली. नव्या स्पीकरमधून धडामधुडूम ऐकू येतं, माणसं काय बोलतात ते कळत नाही. ही तक्रार घरोघरी असते. लोक आवाज वाढवतात आणि धडामधुडूमच वाढतं. चित्रपटगृहात पडद्याला बारीक भोकं असतात आणि संवादाचा स्पीकर पडद्यामागं असतो, म्हणून शब्द तोंडातून आल्यासारखा वाटतो. घरी ते काम मधल्या स्पीकरचं. बापूंनी तो शोकेसच्या आत कोंबला होता. तो बाहेर काढून, पडद्याच्या बरोबर खाली, तोंड थोडं वर कानाकडं करून ठेवला आणि सेटिंगमध्ये तेवढ्याचाच आवाज वाढवला. आईंना एकूण आवाज कमी असूनही शब्द न् शब्द कळू लागला.

छोटीनं टेबल परत मागितलं आणि एक वही पुढं केली. त्यात चाचणी परीक्षांच्या तारखा होत्या. त्या आठवड्यांत शनिवारसुद्धा नाही. बापूंनी मान्य केलं.

मग दोन जिने उतरून-चढून ते तात्यांकडं आणि समोरच्या घरी गेले. सबवूफर कोपऱ्यातून काढला, भिंतीपासून दूर आणला, खाली जाड रबराचा तुकडा घातला. तात्यांच्या घरून निरोप आला, दहाच्या आत काय ते उरका. दहाच्या आत ठरलं.

दक्षिणेच्या भिंतीवर पडदा घेतल्यानं गॅलरीचं दार बाजूला गेलं, आता त्या दारातून येणारा उजेड पडद्यावर थेट पडत नव्हता. पण फेक 16 फुटांऐवजी 11 फुटांवर आली. शंभर इंची चित्राची रुंदी 7 फूट 3 इंच. त्याच्या किती पट अंतर लागतं हे प्रत्येक यंत्राचं ठरलेलं असतं. मोठ्याला दीडपट लागे, म्हणजे जवळजवळ 11 फूट, आणि यंत्राच्या अंगाला न् वायरीला जागाच उरत नव्हती. जुन्या छोट्याला सव्वापटीच्या आत भागत होतं, पावणेनऊ फूट. ते टेबलाच्या वर छताला नीट मध्यावर टांगलं गेलं. लेन्स पडद्याच्या वरच्या कडेशी, कीस्टोन शून्यावर. पडदा गुंडाळून वर जाणारा. शनिवारी सोफा बाजूला सारायचा, सतरंजी अंथरायची, रविवारी सकाळी सगळं जागच्या जागी. तात्यांनी येऊन सगळं पाहिलं आणि मान डोलावली. "यात्रा उठली की तंबू उठायचा," ते म्हणाले. "मैदान गावाचं असतंय."

पहिलं चित्र कोणतं लावायचं हे आईंनी ठरवलं. सांगत्ये ऐका. 1959 चं. पुण्याच्या विजयानंद थिएटरमध्ये 131 आठवडे चाललेलं, आणि आईंनी लहानपणी मामांबरोबर पाहिलेलं. चित्र कृष्णधवल, म्हणजे बापूंच्या अंधाराची खरी परीक्षा. आणखी एक अडचण होती. त्या काळच्या चित्राची चौकट आजच्यापेक्षा चौरस. पडद्याच्या दोन्ही बाजूंना दहा-दहा इंच मोकळे राहत आणि राखाडी दिसत. छोटी रिमोट घेऊन चित्र ताणायला निघाली, पूर्ण पडदा भरेल म्हणून.

"आगं, ताणू नगंस," तात्या कळवळून म्हणाले. "माणसं आडवी हुतील. त्यांनी जशी काडली तशी बगावीत."

वहिनी उठल्या आणि काळ्या मखमलीच्या दोन लांब पट्ट्या घेऊन आल्या. दहा इंच रुंद, वरच्या टोकाला लूप, खाली वजनाला तांब्याच्या वायरीचा तुकडा शिवलेला. काळ्या कापडावर काळ्याच दोऱ्याची शिलाई, जवळ जाऊनही दिसणार नाही अशी. मखमल पडलेला उजेड गिळते. पडद्याच्या दोन कडांना त्या पट्ट्या टांगल्या, आणि राखाडी कडा नाहीशा झाल्या.

"तुला कुणी सांगितलं हे करायला?" बापूंनी विचारलं.

"तात्यांना विचारलं परवा. त्यांच्याकडंही असायच्या म्हणे."

पडदे ओढले. पॅसेजचा दिवा गेला, स्वयंपाकघरातला गेला. समोरच्या घरातल्या काकूंनीही आपल्या गॅलरीतला दिवा मालवला, त्यांना तेवढं सांगून ठेवलं होतं. छोटीनं सवयीनं मोबाइल पडद्याला टेकवला. 2 लक्स. ती अंधारातच हिशोब पुटपुटली. छोट्या यंत्राचे 400 ल्युमेन, म्हणजे पडद्यावर 145 लक्स. काळ्याच्या सत्तर पटींहून जास्त. चित्रपटगृहातल्या पांढऱ्या पडद्याचं प्रमाण 48 निट (पडद्यावरून डोळ्यांकडं परतणाऱ्या उजेडाचं माप) धरलेलं आहे, आणि साध्या पांढऱ्या पडद्यावर ते मिळायला सुमारे 150 लक्स लागतात. म्हणजे ज्या यंत्राला बापूंनी दुबळं म्हणून बाजूला ठेवलं होतं, ते थिएटराच्या जवळजवळ बरोबरीनं उजेड देत होतं. मोठा प्रोजेक्टर पुढच्या आठवड्यात बँकेतल्या सहकाऱ्यानं घेतला, उरलेल्या हप्त्यांसकट.

त्या रात्री सतरंजीवर अकरा माणसं होती. तात्यांच्या घरून मुरमुऱ्यांचा चिवडा आला होता. नायिका हंसा वाडकर पडद्यावर आल्या तेव्हा आई एकदम म्हणाल्या, "बघ, केसात गजरा बघ," आणि खरोखरच काळ्याभोर केसांत पांढरा गजरा फूल न् फूल दिसत होता. साडेनऊला चित्र अर्ध्यावर थांबवलं, कारण दहाच्या आत उरकायचं ठरलं होतं. उरलेलं पुढच्या शनिवारी. लहान पोरांनी कुरकुर केली. मोठ्यांनी चपला शोधल्या.

महिन्याभरानं पुण्याहून बापूंच्या मावसभावाचा फोन आला. त्यालाही हॉलमध्ये प्रोजेक्टर बसवायचा होता. किती ल्युमेनचा घेऊ, लेसर घेऊ का दिव्याचा, पडदा पांढरा का राखाडी, असे त्याचे प्रश्न तयार होते.

"ते सगळं सांगतो," बापू म्हणाले. "आधी मला सांग, संध्याकाळी तुमच्या हॉलमध्ये कोण बसतं?"

"कोण बसणार? काका असतात. दिवा लावून पेपर वाचत बसतात, नऊपर्यंत उठत नाहीत."

"मग फोन काकांकडं दे."